किती जण?

...नाही, पण मी म्हणतो, दारात उभ्या राहिलेल्या माणसाच्या आजूबाजूला एकदा बघावं की नाही? मागे कुणी नाही, बाजूला कुणी नाही, हातात पिशवी एक, नाकावर चष्मा एक, आणि तरी तो काउंटरवरचा माणूस माझ्या खांद्यावरून पार रस्त्यापर्यंत बघतो आणि विचारतो, "किती जण?" अरे, किती जण म्हणजे? मोज ना! दिसतोय तेवढाच आहे! बाकीचे काय मी पिशवीतून आणलेत? बरं, "एक" म्हटलं की गप्प बसतील तर शप्पथ, वर परत विचारणार, "एकच?" हा 'च' कुठून आला हो? मी लावला होता? मी साधं "एक" म्हणालो होतो! तुम्हाला सांगतो, चौदा महिने मी हा 'च' खाल्लाय, घाटकोपरपासून अंधेरीपर्यंत, डोशाबरोबर, फ्राइड राइसबरोबर, थाळीबरोबर, आणि एकदासुद्धा पचला नाही.

आता तुम्ही म्हणाल, नंदकुमार, तुम्हाला घरी जेवायला काय धाड भरली? बरोबर आहे, विचाराल तुम्ही, सगळेच विचारतात. घर आहे हो! गॅस आहे, कुकर आहे, फडताळात तूरडाळ आहे. बायको तेवढी बंगळुरूला होती. उत्तरा. आमची जान्हवी तिकडे असते, तिचं बाळंतपण, म्हणून ही गेली तीन महिन्यांसाठी. तीन महिने! नात पालथी पडली, बसली, रांगली, भिंतीला धरून चालायला लागली म्हणे, आणि आमचे तीन महिने चालूच होते. बरं, अमेरिकाबिमेरिका असती तर म्हटलं असतं व्हिसाचं लफडं आहे. बंगळुरू! दीड तासाचं विमान! माणूस मनात आणील तर सकाळचा चहा तिथे आणि जेवण इथे. मनात आणील तर...

आणि मनात का आणत नव्हती ते मला ठाऊक होतं. तेही सांगतो, लपवायचं काय? मी विक्रोळीला एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो. काम काय, तर समोर येईल त्या वस्तूत खोट काढायची. पास, रिजेक्ट, नाहीतर रीवर्क, म्हणजे परत करून आणा. आता दिवसाचे आठ तास खोट काढणारा माणूस संध्याकाळी ताटावर बसला की काय करील? आरती म्हणेल? "आमटीला मीठ किंचित कमी." "भाजीला एक वाफ जास्त." "पोळीचा घेर कालच्यापेक्षा लहान." एकदा तर मटकीची उसळ मी ताटासकट परत सरकवली आणि म्हणालो, "रीवर्क." पाहुण्यांसमोर! आणि देवाशप्पथ सांगतो, मला वाटायचं की मी तिचं कौतुक करतोय. अहो, कारखान्यात ज्या मालाकडे मी ढुंकून बघत नसे तो थेट भंगारात जायचा, मी लक्ष देतोय म्हणजे वस्तू महत्त्वाची, एवढं साधं बायकोला कळू नये?

निघाली त्या दिवशी दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "अहो, चौतीस वर्षांत एक जेवण निकाल न लावता जेवला असाल, तर आठवून सांगा." मी प्रामाणिकपणे आठवायला लागलो, तेवढ्यात खाली टॅक्सी आली. आता अशा वेळी माणसाने काय म्हणावं? "सांभाळून जा" म्हणावं, "लवकर ये" म्हणावं. मी काय म्हणालो माहितीय? "जा, खुशाल जा. मुंबईत काय हॉटेलं कमी आहेत?"

नाहीत! हॉटेलं कमी नाहीत, हे मात्र मी आता लिहून देतो.

पहिलं आपलं स्टेशनजवळचं उडुपी. डोसा कुरकुरीत, सांबार गरम, मत विचाराल तर पास, फक्त चटणीत नारळ कमी आणि डाळं जास्त. पण दुपारी एकला गेलात की, "किती जण?" एक. "एकच? मग तिकडे शेअरिंगमध्ये बसा." शेअरिंग म्हणजे काय, तर तीन अनोळखी माणसं अगोदरच जेवतायत आणि चौथ्या खुर्चीत तुम्हाला खोचतात. कुणाचं कोपर कुणाच्या सांबारात, कुणाच्या मोबाइलवर कुणाचं भांडण चाललंय, आणि समोरचा माणूस असा बघतो की जणू त्याच्या हळदीकुंकवात मी घुसलोय. पहिल्या दिवशी संतापलो मी. पण दुसऱ्या दिवशी, सांगायला लाज वाटते, टेबल रिकामं होतं तरी मीच जाऊन शेअरिंगमध्ये बसलो. निदान समोर कुणीतरी चावत असतं हो!

तिथे एक लवू म्हणून भेटला, साकीनाक्याला लेथवर कामाला, मालवणकडचा. मी चटणी बाजूला सारलेली बघून म्हणाला, "काकानू, ती चटणी तुमका नको आसात तर माका होयी." मी दिली. त्याने खाल्ली. "बरी आसा की!" म्हणाला, हात धुतले, गेला. बस, एवढंच. पण किती महिन्यांनी माझ्या ताटातलं कुणीतरी काहीतरी मागितलं होतं! पुढचे चार दिवस मी त्याच वेळेला, त्याच टेबलाला, चटणी न शिवता बसलो. आला नाही. पाचव्या दिवशी वेटर म्हणतो, "काका, चटणी में कुछ प्रॉब्लेम है क्या?" आता त्याला काय सांगू, चटणी राखून ठेवलीय म्हणून?

मग म्हटलं जागा बदलू. गेलो फॅमिली रेस्टॉरंटला. खाली नुसता पंखा आणि वर एसी. दारात तेच, "किती जण?" एक. "एकच? फॅमिली है?" आहे की. "किधर है?" बंगळुरूला. "तो ऊपर नहीं जा सकते अंकल, ऊपर सिर्फ फॅमिली." अरे, पण मी फॅमिलीवाला आहे! चौतीस वर्षांची फॅमिली! फोटो दाखवू का? तर म्हणतो, "फोटो नहीं चलता, फॅमिली साथ में होना मंगता." तुम्हाला सांगतो, आमच्या कारखान्यात जुनी माणसं बायकोला 'फॅमिली'च म्हणायची, 'फॅमिली गावाक गेली' म्हणायची, मी त्यांना हसायचो. त्या दिवशी जिन्याच्या पहिल्या पायरीवर मला त्या शब्दाचा अर्थ कळला. फॅमिली म्हणजे एसी!

बसलो खाली. मागवलं काय, तर सवयीने, तोंडातून गेलं हो, "एक मंचाव सूप, वन बाय टू." आता आमचं तीस वर्षांचं आहे ते, एक सूप एकाला जास्त होतं, दोघांना बरोबर पुरतं, म्हणून एकाचं दोन वाट्यांत करून आणायचं. त्या वेटरने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा समोरच्या खुर्चीकडे बघितलं, पण ऑर्डर म्हणजे ऑर्डर! आणल्या दोन वाट्या. एक ठेवली माझ्यासमोर, एक ठेवली समोर. चमच्यासकट! वर दोघांच्या तळलेल्या नूडल्स वेगवेगळ्या! आता काय करता? ओरडून सांगू, चुकलं म्हणून? आजूबाजूला बघत होते सगळे. मी आपलं सूप प्यालो, मत विचाराल तर सोया सॉस जास्त, आणि मग, हसू नका, उठलो आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसलो. दुसरी वाटी प्यालो. तोवर ती निवली होती आणि नूडल्सचा पार लगदा झाला होता. आणि त्या खुर्चीतून समोर बघितलं तर मी नव्हतो, रिकामी वाटी होती. उत्तराला इतकी वर्षं इथून काय दिसत असेल हो? एक माणूस, मान खाली, सूपमध्ये खोट शोधतोय.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "जेवलात का?" हो. "काय?" खिचडी केली घरी. "मीठ बरोबर होतं?" हा टोमणा बरं का, चौतीस वर्षांचा मुरलेला! मी म्हणायचो, तू कधी येतेस? तर म्हणायची, "बघते. इथे बाई, मी काय वाढेन ते सगळे गपचूप खातात." त्यात रागबिग काही नव्हता, अगदी शांतपणे म्हणायची. राग असता तर समजूत काढली असती, शांतपणाची काय समजूत काढणार?

आमचा पुतण्या मुकुल, भला पोरगा, माझ्या वाढदिवसाला त्याने अंधेरीच्या एका भारी हॉटेलचं कूपन पाठवलं. "काका, मजा करा!" गेलो. दारावर काळ्या कोटातला माणूस, त्याचं इंग्रजी इतकं मऊ की मला वाटलं हा तरी नाही विचारणार. छे! "हाउ मेनी, सर?" इंग्रजीत 'किती जण'! वन. "जस्ट वन?" घ्या! 'च'चंसुद्धा इंग्रजी आहे! खुर्ची अशी खोल की बसलो तो टेबल हनुवटीला लागलं. पाण्याचे तीन प्रकार, मेन्यू मोबाइलमध्ये, आणि उजेड इतका कमी की माशाचा काटा आहे की केस आहे हे बोटाने चाचपून ठरवायचं. तेवढ्यात एक मुलगी आली, श्वेता नाव, माझ्याशेजारी चक्क वाकून गोड आवाजात म्हणते, "सर, आज मी तुमची काळजी घेणार आहे."

तुम्हाला सांगतो, मी हातातला मोबाइल खालीच ठेवला. मी म्हटलं, "खरंच?" ती बिचारी गोंधळली. तिला काय माहीत, चौदा महिन्यांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं! मग म्हणाली, "सर, कुणी जॉइन करणार आहेत?" मी म्हटलं नाही. तर तिने काय केलं, समोरची प्लेट उचलली, ग्लास उचलला, घडी घातलेला रुमाल उचलला, काटा, सुरी, चमचा, एकेक करून, अगदी आवाज न करता, सगळं घेऊन गेली. रीत असेल त्यांची. पण अहो, आधीच रिकाम्या असलेल्या जागेतून आणखी किती काढाल? मला ओरडावंसं वाटलं, राहू दे गं ते, तुझं काय जातंय! जेवणाचं मत विचाराल तर आठवत नाही. शेवटी अभिप्रायाचा कागद दिला. मला! क्वालिटी कंट्रोलच्या माणसाला! दोन्ही बाजू भरल्या मी, कडेने आडवंसुद्धा लिहिलं, आणि 'इतर सूचना' मध्ये लिहिलं की एकट्या माणसासमोरची प्लेट उचलू नये.

आणि मग ती मुलुंडची गुजराती थाळी. "किती जण?" एक. "एकच? आवो, आवो काका!" हा 'आवो' पहिल्यांदाच ऐकला मी. बसलो नाही तोच चौघं जण घेराव घालून वाढायला लागले, फुलका, त्यावर तूप, कढी, ढोकळा. मी म्हटलं बस. "अरे, एक तो लो काका!" मी म्हटलं पोट भरलं. "गरम है काका, मेरे हाथ से एक!" आग्रह! आग्रह हो! अहो, माझं पोट तट्ट फुगलं होतं, पण कुणीतरी माझ्या ताटाजवळ उभं राहून "अजून एक घ्या" म्हणतंय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? अकरा फुलके खाल्ले मी! आमरस तीन वाट्या! कढी गोड होती, साखर जास्त, आणि मी एक शब्द बोललो नाही. चार घास डोळ्यांतल्या पाण्याबरोबर गिळले, तर तो वाढणारा म्हणतो, "काका, मिरची लगी क्या?" मी म्हटलं हो, मिरचीच. दोन दिवस ॲसिडिटीने आडवा होतो, पण पडल्या पडल्या एक ठरवलं. उत्तरा येऊ दे फक्त. पुन्हा निकाल लावला तर जीभ कापून देईन.

आणि आली! माझ्यासाठी नाही, आमची सोसायटी पाडून नवीन बांधतायत, घर दोघांच्या नावावर, म्हणून सेक्रेटरी विद्याधरने तंबी दिली, वहिनींची सही समक्ष पाहिजे. चार दिवसांसाठी आली. जातानाचं तिकीट पर्समध्ये, सोमवारचं. आल्या आल्या पदर खोचला आणि कोबीची भाजी, भात, आमटी. चौदा महिन्यांनी घरात फोडणीचा वास! मी पाटावर... म्हणजे टेबलावरच, पण पाटावर बसावं तसा बसलो. पहिला घास घेतला.

आमटीत मीठ नाही.

कमी नाही, नाही! अजिबात नाही! जावई शौनकला चौतिसाव्या वर्षी बीपी, नात लहान, म्हणून उत्तराच्या हाताची मिठाची सवयच गेलेली. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत असा ढळढळीत रिजेक्ट लॉट माझ्यासमोर आला नव्हता! शब्द अगदी दातापर्यंत आला. वर बघितलं तर ती डाव हातात धरून माझ्याकडेच बघतेय. मी म्हटलं, "झकास!" ती म्हणाली, "खरंच?" मी म्हटलं, "फर्स्ट क्लास! अजून वाढ." तीन वाट्या ओरपल्या. मग ती जेवायला बसली, एक घास घेतला, थांबली, माझ्याकडे बघितलं... आणि आपल्या वाटीत मीठ घालून घेतलं.

संध्याकाळी पिठल्यात मीठ दुप्पट. माझ्या कपाळावर घाम! मी म्हटलं, "वा!" सकाळी चहा, साखरेचा कण नाही. "उत्तम!" दुपारी भरली वांगी, त्यात गूळ इतका की मुंग्यांना कळवावं. "असं जमलंच नव्हतं तुला कधी!" मला वाटलं ही माझा पेशन्स बघतेय, बघ म्हटलं, मी पण बघतो. रविवारी दुपारी आंघोळ करून बाहेर येतोय तर आत फोन चाललेला, दबक्या आवाजात, रडवेल्या. "जान्हवी, अगं, तुझ्या बाबांची चव गेलीय. पूर्ण! मी मुद्दाम तपासलं. मीठ नाही त्याला झकास म्हणतात, गुळाचा गोळा खाल्ला, हूं नाही की चूं नाही. हे बाबा? उसळ परत सरकवणारे? वर्षभर एकटा माणूस फोनवर खिचडी सांगून हॉटेलातून काय काय खाऊन आला असेल, कळलंसुद्धा नसेल गं त्यांना... नाही, सोमवारचं तिकीट रद्द कर. असं नाही ठेवता येणार त्यांना एकट्याला. तुम्ही बघा आता बाई ठेवून."

पॅसेजमध्ये मी, टॉवेल गुंडाळलेला, कानात साबण. तुम्ही काय केलं असतं सांगा? धावत जाऊन म्हटलं असतं, अगं, जिभेला काहीही झालेलं नाही, पिठलं खारट होतं, वांगी गोडमिट्ट होती? खरं बोलायचं म्हणजे सोमवारचं विमान! मी आलो तसा परत मोरीत गेलो आणि नळ सोडला.

डॉक्टरकडेसुद्धा नेलं हो. अनुपमा म्हणून आहेत, कान-नाक-घसा. जिभेवर साखर ठेवली, "काय लागतं?" काही नाही. लिंबू? काही नाही. मग काहीतरी असं कडू ठेवलं की माझे पूर्वज जागे झाले असतील. "काही नाही," म्हटलं. उत्तरा बाहेर चपला घालायला गेली तशी डॉक्टर हळूच म्हणतात, "काका, कडूला डावा डोळा मिटला तुमचा." मी दोन्ही हात जोडले. त्यांनी पेन उचललं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'घरचं, ताजं, रोज, कुणीतरी समोर बसून.'

तर असं आहे. पाच महिने झाले. तिला आता धाक म्हणून नाही, मनाला येईल ते करते, गाणं गुणगुणत करते, आणि खरं सांगायचं तर कधी कधी काय सुरेख होतं हो! परवाचं वालाचं बिरडं... अहो, असं बिरडं आयुष्यात खाल्लं नव्हतं. आणि सांगता येत नाही! खारट खपवून घेता येतं, पण सुरेख गिळून गप्प बसणं, ते फार जड जातं. डोळे भरून आले तर म्हणते कशी, "नका वाईट वाटून घेऊ, येईल चव हळूहळू." समोरच बसलेली असते, हाताच्या अंतरावर, आणि माझ्या तोंडात काय चाललंय ते जगात मला एकट्याला ठाऊक.

काल जिन्यात विद्याधर भेटला, मोठ्याने म्हणतो, "काय नंदकुमार, वहिनी आल्या, मजा आहे! कसं आहे घरचं जेवण?" ही बाजूलाच, भाजीची पिशवी घेऊन, माझ्या तोंडाकडे बघत.

मी म्हटलं, "गरम असतं."